हात आपला, सही त्यांची

पोस्टमॉर्टमच्या अहवालावर बरीच नावं असतात. मेलेल्या माणसाचं नाव असतं, त्याच्या बापाचं किंवा नवऱ्याचं असतं. मृतदेह घेऊन आलेल्या शिपायाचं नाव, पोलीस ठाण्याचं नाव, मृतदेह ओळखणाऱ्या नातेवाइकाचं नाव, तपासणी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, आणि शेवटी डॉक्टरांची सही-शिक्का. ज्या माणसाने प्रत्यक्ष सुरी चालवली, कवटी उघडली, काळीज काढून तराजूत ठेवलं आणि शेवटी दाभणाने सगळं शिवून दिलं, त्याचं नाव कुठेच नसतं. मी अकरा महिने असे अहवाल फायलीत लावले. असं नाव मला एकदाही दिसलं नाही.

ही गोष्ट लखनौची. तिथे बाबासाहेबांच्या नावाचं केंद्रीय विद्यापीठ आहे, 1996 पासून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मी तिथे एम.ए. करायला गेलो. घराण्यातला पहिला पदवीधर. दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले आणि घरून पैसे यायचे बंद झाले. ओळखीच्या एकाने मला आउटसोर्सिंगच्या ठेकेदाराकडे नेलं. शहरातल्या एका शवागारात माणूस हवा होता. कुठल्या शवागारात ते लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटतात, आणि इथे कोणाला सोडायचं नाही.

ठेकेदाराने माझ्या पदवीचा कागद पाहिलाही नाही. त्याने विचारलं, "कौन बिरादरी हो?" मी म्हणालो, एससी. "वो तो ठीक है, उसमें क्या?" मी महाराष्ट्रातला, बौद्ध, पूर्वीचा महार, असं सांगितलं. महार हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. क्षणभर विचार करून म्हणाला, "चलो, कर लोगे।" मुलाखत एवढीच. नेमणुकीच्या कागदावर पद लिहिलं होतं : सपोर्ट असिस्टंट.

गाडीतून मृतदेह उतरवायचा, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधायची, शीतपेटीत ठेवायचा. पोलिसांचा पंचायतनामा, म्हणजे आपल्याकडचा इन्क्वेस्ट पंचनामा, चिठ्ठीशी जुळतो का ते पाहायचं. रजिस्टर लिहायचं, टेबल धुवायचं, व्हिसेराच्या बरण्यांवर लाखेचं सील लावायचं. हे माझं काम. चिरफाड करायचे ते माझे सहकारी. वाल्मीकी समाजाचे, पन्नाशी उलटलेले. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या वडिलांनीही हेच काम केलं होतं. चाचांचं कागदोपत्री पद होतं स्वीपर.

आता हा स्वीपर काय करायचा ते ऐका. हनुवटीखालून ओटीपोटापर्यंत एका चिरेत शरीर उघडायचा, पण आतल्या एकाही अवयवाला सुरीचं टोक लागू द्यायचा नाही. डोक्याची कातडी एका कानामागून दुसऱ्या कानामागे चिरून पुढे-मागे उलटवायचा आणि मेंदूला धक्का न लावता कवटीची टोपी काढायचा. विषाची शंका असेल तर जठर आतल्या अन्नासकट, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग वेगळा काढायचा. बरणी काठोकाठ भरायची नाही, कारण आत वायू तयार होतो. दारूची शंका असेल तर स्पिरिट वापरायचं नाही, मिठाचं संपृक्त पाणी घालायचं. गळफासाची केस असेल तर मान सगळ्यात शेवटी उघडायची. आधी डोकं आणि छाती उघडून मानेतलं रक्त उतरू द्यायचं, नाहीतर सुरीमुळेच रक्त पाझरतं आणि गळा दाबल्यासारखा खोटा डाग उमटतो.

हे सगळं न्यायवैद्यकाच्या पुस्तकात आहे. चाचा पाचवी शिकलेले. नवीन आलेले डॉक्टर हे त्यांच्याकडूनच शिकायचे, मी समोर उभा होतो. आणि शिकून झालं की मुलाच्या वयाचा डॉक्टर त्यांना 'तू' म्हणायचा.

एका सकाळी गावाकडून एक मुलगी आली. वय वीसच्या आत-बाहेर. पोलिसांच्या कागदावर 'फाशी' लिहिलेलं. डॉक्टर दारात उभे होते, नाकाला रुमाल, हातात फॉर्म. लिहायला सुरुवातही झाली होती. चाचांनी मान शेवटी उघडली, एकेक थर बाजूला केला आणि थांबले. "साहब, एक बार अंदर आके देख लीजिए।" साहेब म्हणाले, "लिख दिया है, सी दो।" चाचांनी दाभण हातात घेतलं नाही. तेच वाक्य तीनदा म्हणाले. शेवटी साहेब आत आले, वाकून पाहिलं, आधीचा फॉर्म बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. मानेच्या खोल स्नायूंत दोन्ही बाजूंना रक्त साकळलेलं होतं. दोराच्या खुणेशी ते जुळत नव्हतं.

अहवालावर सही साहेबांची झाली. बाहेर शिपायाने चाचांसमोर शंभराची नोट धरली. म्हणाला, "पी लेना।" चाचांनी नोट घेतली. दारू ते पीत नव्हते.

हे 'पी लेना' नीट समजून घ्या. शवागाराबद्दल कोणीही बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्यात दारू येते. हे लोक नशा करूनच हे काम करतात, त्याशिवाय जमतच नाही, असं सांगितलं जातं. काही जण पितात, खरं आहे. ज्याला ना प्रशिक्षण दिलं, ना धड हातमोजे, ना रजा, ना मन मोकळं करायला माणूस, त्याला प्यायला नोट मात्र न चुकता मिळते. बिनपगारी भूल आहे ती. आणि नंतर तीच दारू दाखवून म्हणायचं, बघा, हे असलेच लोक. दुसरं वाक्य असतं, "त्यांना सवय असते." सर्जनलाही रक्ताची सवय असते. त्याच्या सवयीला अनुभव म्हणतात आणि त्या अनुभवाची फी घेतात.

1836 साली कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर सुरी चालवली. उच्च जातीच्या हिंदूने विद्येसाठी प्रेताला हात लावला म्हणून फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी दिली गेली, असं सांगतात. त्यांच्या धाडसाला कमी लेखायचं कारण नाही. पण त्या वेळी या देशात प्रेतांना हात लावणाऱ्या जाती शेकडो वर्षं होत्याच. डोम होते, महार होते. त्यांच्यासाठी कोणी फटाकाही उडवला नाही. एकाने विटाळ मोडला तर तो इतिहास होतो. दुसऱ्याच्या माथी तोच विटाळ मारला तर तो त्याचा धर्म ठरतो. चाचा दर दिवशी चार-पाच वेळा मधुसूदन गुप्त व्हायचे आणि संध्याकाळी स्वीपर म्हणून घरी जायचे.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण दुसऱ्यांवर बोट ठेवून मला सुटायचं नाही. पहिले दोन महिने मी चाचांच्या डब्यातलं खाल्लं नाही. संसर्ग नको, असं स्वतःला सांगत होतो. पण माझे हातही त्याच टेबलावरून यायचे आणि त्याच साबणाने धुतले जायचे. मी शिकलेला, बौद्ध, आणि ते वाल्मीकी. वरच्यांनी आपल्याला शिकवलेली पायरी आपण खालच्याला दाखवतो, ती मी दाखवत होतो. चाचांनी ओळखलं. एकदा एवढंच म्हणाले, "तुम तो बाबासाहब वाले हो न?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकत्र जेवलो. पण ते दोन महिने माझ्या खात्यावर आहेत.

दुसरी गोष्ट खोटेपणाची. घरी मी सांगितलं होतं की हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम करतो. चाचांचा मुलगा बी.ए. करत होता. त्यानेही कॉलेजात सांगितलं होतं की बाप हॉस्पिटलात आहे. आम्ही दोघं पहिल्या पिढीचे शिकलेले, आणि दोघांचं खोटं एकच. तुम्ही हे वाचताय, तुमच्यापैकी कितीजणांनी कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर 'नोकरी' एवढंच लिहिलं आहे? मी विचारतोय ते लाज काढायला नाही. ती लाज आपली नव्हतीच, ती आपल्या खिशात कोणी घातली ते विचारतोय.

आईला शेवटी कळलं. फोनवर थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आरं, तुझ्या आज्यानं मेलेली ढोरं वडायची सोडली, ती ह्याच्यासाठी व्हय?"

या प्रश्नाने माझी झोप उडाली. कारण आमच्या घरात तो इतिहास आहे. माझ्या पणज्याला गावात मेलेलं ढोर ओढावं लागे, मर्तिकाचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव जावं लागे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली महार वतनं रद्द केली आणि त्या जमिनी रयतावा करून दिल्या. कायद्याने वेठ सुटली, तरी गावाने ती एकदम सोडली नाही. पुढे 1927 साली महाड झालं आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून गावोगाव मेलेल्या ढोरांना हात लावणं बंद झालं. माझ्या आज्याने ते बंद केलं तेव्हा गावाने आमच्या घराला किराणा द्यायचं बंद केलं होतं. एवढी किंमत देऊन सोडलेलं काम मी दोन पिढ्यांनी पदवी घेऊन परत धरलं, असं आईला वाटलं. तिचं काय चुकलं?

शाहूंचा विषय निघालाच आहे, तर लखनौचं ऐका. तिथलं किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज 1911 साली सुरू झालं. 2002 साली त्याचं विद्यापीठ झालं तेव्हा मायावतींच्या सरकारने त्याला छत्रपती शाहूजी महाराजांचं नाव दिलं. मग सरकार बदललं की पाटी बदलायची, असा खेळ दहा वर्षं चालला. 2012 पासून पुन्हा किंग जॉर्ज. माझं शवागार तिथलं नव्हतं. मी पाटीबद्दल बोलतोय. इंग्रज राजाचं नाव परत आणायला कोणाला कमीपणा वाटला नाही, कोल्हापूरच्या राजाचं मात्र टोचलं. याच शाहूंनी 1919 साली हुकूम काढला होता की सरकारी दवाखान्यात अस्पृश्यांना इतरांसारखंच वागवायचं, आणि ज्या नोकराला हे जमत नसेल त्याने राजीनामा द्यायचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौच्या शेजारच्या कानपुरात कुर्मी परिषदेने त्यांना राजर्षी म्हटलं. पाटीसाठी आपण भांडलो, भांडायलाच हवं होतं. पण तो हुकूम एकाही शवागाराच्या दारापर्यंत पोहोचवण्यासाठी आपण भांडलो नाही.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली, ती 2016 च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू आहे. त्यातल्या कलम 3(1)(आय) प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला माणसाचं किंवा जनावराचं प्रेत वाहायला, विल्हेवाट लावायला किंवा कबर खणायला लावणं हा गुन्हा आहे. आता मला सांगा, "कौन बिरादरी हो" विचारून शवागारात माणूस भरणं म्हणजे काय? पगार दिला म्हणून ती सक्ती राहत नाही? बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू, दुसरं काम मागायला गेलं तर "तुमचं ते काम आहे ना" असं उत्तर. याला सक्ती म्हणायचं नसेल तर वतन म्हणा. वतनात तरी जमिनीचा तुकडा होता.

दुसरा कायदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा. 1 जुलै 2024 पासून तो लागू झाला. त्याचं कलम 194, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174, सांगतं की संशयास्पद मृत्यूत मृतदेह सिव्हिल सर्जन किंवा पात्र वैद्यकीय अधिकाऱ्याकडे तपासणीला पाठवायचा. तपासणी त्याने करायची आहे. दारात उभं राहून, रुमाल धरून, आतल्या माणसाला विचारून लिहिणं याला तपासणी म्हणत नाहीत. सगळे डॉक्टर असे नसतात. स्वतः हातमोजे घालून टेबलावर वाकणारेही मी पाहिले आणि चाचा त्यांच्याबद्दल आदराने बोलायचे. पण दारातल्या डॉक्टरला कोणी जाब विचारत नाही, हा मुद्दा आहे.

काहींचं म्हणणं असं की आता यंत्रं येतील. दिल्लीच्या एम्समध्ये 2021 पासून स्कॅन करून व्हर्च्युअल ऑटॉप्सी होते. चांगलंच आहे. पण गटाराच्या बाबतीतही आपण हेच ऐकलं. 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला, 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला 10 लाख द्या म्हटलं, 2023 साली ते 30 लाख केलं. यंत्रं आली, माणसं अजूनही उतरतात आणि मरतात. यंत्र कामाची पद्धत बदलतं. ते काम कोणाचं, हे जात ठरवते, आणि जात काढायची तर तिच्यावरच घाव घालावा लागतो.

तुम्ही म्हणाल, देशात एवढे प्रश्न असताना शवागारातल्या मूठभर माणसांचं काय घेऊन बसलास? म्हणून खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यात एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली गेली. पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की पुरलेलं प्रेत उकरून पुन्हा तपासावं लागलं. बलात्काराचा आरोप खटल्यात उभाच राहिला नाही. हाथरस आठवा. 29 सप्टेंबर 2020 ला ती मुलगी गेली आणि त्याच रात्री पोलिसांनी घरच्यांना बाजूला ठेवून तिचं प्रेत जाळलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली.

आपल्या माणसावर अत्याचार होतो, तो मरतो, आणि त्याची शेवटची साक्ष शवागारातल्या टेबलावर नोंदली जाते. पंचांवर दबाव येतो, साक्षीदार फुटतात, गाव गप्प होतं. शरीर तेवढं बोलतं. ते बोलणं पहिल्यांदा ऐकणारा हात बहुतेक वेळा आपल्याच माणसाचा असतो. पण लेखणी त्याच्याकडे नसते. त्याने पाहिलेलं कागदावर यावं की नाही, हे दारातला माणूस ठरवतो. चाचांनी त्या दिवशी तीनदा हाक मारली. एखाद्या दिवशी ते दमलेले असते, घाबरलेले असते, किंवा पहिल्या हाकेनंतर गप्प बसले असते, तर ती मुलगी कायमची 'फाशी' राहिली असती.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. ढोरं ओढायचं सोडलं, कारण ते काम आपल्याला गावाच्या पायाशी बांधत होतं. सोडल्यावर गावाला आपली सोय स्वतः करावी लागली. शवविच्छेदनाचं तसं नाही. हे काम न्यायासाठी लागतं, आपल्याला तर जास्तच लागतं. मी सोडलं तर उद्या ठेकेदार माझ्याहून गरजवंत बिरादरी शोधेल. मी प्रत्यक्षात सोडलंच. अकरा महिन्यांनी पैसे जमले, मी एम.ए. पुरं केलं आणि निघालो. चाचा तिथेच आहेत. माझ्या सुटण्याने जातीचं काहीच बिघडलं नाही. म्हणून सोडणं पुरेसं नाही. कामाला जातीपासून सोडवावं लागेल.

ते होऊ शकतं. ब्रिटनमध्ये हेच काम करणाऱ्याला अ‍ॅनाटॉमिकल पॅथॉलॉजी टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. त्याचा पदविका अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, त्यांची स्वतःची व्यावसायिक संघटना आहे. प्रेत तेच, सुरी तीच. इथे स्वीपर, तिथे टेक्नॉलॉजिस्ट.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अहवालावर विच्छेदन करणाऱ्या सहायकाचं नाव आणि सही आली पाहिजे. डॉक्टरच्या निष्कर्षापेक्षा त्याला वेगळं दिसलं असेल तर ते नोंदवायला जागा पाहिजे. शवविच्छेदन तंत्रज्ञ असं पद, वेतनश्रेणी आणि प्रशिक्षण पाहिजे. आणि हे पद निर्माण करताना बारावी सायन्सची अट घालून चाचांनाच बाहेर काढायचा डाव चालणार नाही. आज काम करणाऱ्यांना अनुभवावर प्रमाणपत्र द्या. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस, चांगले हातमोजे, सुरी लागली तर उपचार आणि भरपाई, हे ठेक्यावरच्या माणसालाही मिळालं पाहिजे. आणि भरती सगळ्यांसाठी खुली करा. नोकरीत आरक्षण म्हटलं की ज्यांच्या कपाळावर आठी पडते, त्यांना या एकाच ठिकाणचं आमचं अघोषित शंभर टक्के आरक्षण कधी खुपलं नाही. ते आम्ही सोडायला तयार आहोत. या, अर्ज करा.

महाराष्ट्रात सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देणाऱ्या लाड-पागे समितीच्या शिफारशी आहेत. त्या काढा असं मी म्हणत नाही. कित्येक घरांत तेवढीच एक पक्की नोकरी असते. पण पदवी घेतलेल्या मुलाला बापाच्या जागी बापाचाच झाडू मिळत असेल, तर तो वारसा हक्क आहे की वारसा शिक्षा, हे आपण मोठ्याने विचारलं पाहिजे.

आणि तुम्ही. तुमच्यातला कोणी एमबीबीएस करतोय, कोणी एलएलबी, कोणी एमपीएससी देऊन फौजदार किंवा तहसीलदार होणार आहे. शवागारात जायची वेळ आली तर दारात थांबू नका. आत जा, सुरी धरणाऱ्याचं नाव विचारा, "तुम्हाला काय दिसलं" हे विचारा आणि लिहून घ्या. बाकीच्यांनी माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. आपल्या जिल्ह्याच्या शवागारात विच्छेदनाला मदत कोण करतं, त्याचं पद काय, पगार कोण देतं, लस दिली का, आणि त्या पदावर कुठल्या प्रवर्गाचे किती लोक आहेत, एवढंच विचारा. उत्तर आलं की गप्प बसू नका.

चाचांच्या मुलाचा परवा फोन आला. बी.ए. झाला. एका फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता, म्हणून विचारत होता, काय लिहू? मी म्हणालो, शवविच्छेदन करतात असं लिही. तो म्हणाला, असं पद नाहीये ना भैया.

ते पद आणायचं काम आता आपलं आहे. आईलाही मी हेच सांगितलं आहे.

जय भीम.